बियाण्याचं नाव

माझ्या आईच्या भातात परका दाणा सापडला असता तर ती चार दिवस जेवली नसती. मी वाढवून सांगत नाही. खाडीच्या दोन्ही काठांवर न्यीमाचं, म्हणजे माझ्या आईचं, बियाणं खात्रीचं. बायका तीन-तीन गावं चालून यायच्या. एक माप बियाणं घ्यायचं, बदल्यात एक माप खायचं भात द्यायचं आणि नाव घेऊन जायचं. आमच्यात भाताला देणारणीचं नाव लागतं. म्हणून आईचं ते लाल, कुसळांचं भात म्हणजे ‘न्यीमा’. ‘यंदा खालच्या तुकड्यात काय लावलंस?’ ‘न्यीमा लावलीय.’ असं कानावर पडलं की डोक्यावर ओझं असतानाही आईची मान आणखी ताठ व्हायची.

आमच्या गावात, केमोकुंदात, भुईमूग पुरुषांचा आणि भात बायकांचं. पुरुष खाडीकडच्या शेतात पाय घालत नाहीत. भाताला आम्ही विळाही लावत नाही. बोटभर पात्याची सुरी तळहातात धरायची आणि एकेक लोंबी खुडल्यासारखी कापायची. पाठ मोडते, पण एकेक लोंबी हातात येते म्हणून एकेक डोळ्यांखालून जाते. आईचे डोळे असे होते की चालता चालता ती दुसरीच्या शेतातली भेसळ दाखवायची. दाखवून गप्प बसली असती तर बरं होतं. “हात धुऊन भात झोडत जा गं,” असं वर ऐकवायची.

मी बारा-तेरा वर्षांची असताना बाबांनी वुदेला दुसरी बायको करून आणलं. ती दक्षिणेकडची, जोला लोकांच्या शिवेवरची. पहिला नवरा वारलेला. मूल नव्हतं, पुढेही झालं नाही. आली तेव्हा डोक्याच्या फडक्याच्या टोकाला दोन मुठी पांढरं भात बांधलेलं होतं. घरात थोरली म्हणून शेत वाटून द्यायचं काम आईचं. तिनं वुदेला अगदी खाडीलगतचा तुकडा दिला. उन्हाळ्यात तिथं जमिनीवर मीठ फुलायचं. आईचा तुकडा त्याच्या वरच्या अंगाला, मध्ये वीतभर बांध.

“अक्का, इथं काय उगवणार?” वुदेनं विचारलं.

“तुझं नशीब उगवेल,” आई म्हणाली.

वुदे हसली. तिचं हसणं आईला कधीच सोसलं नाही. मला मात्र ती आवडायची, आणि तिला ‘धाकटी आई’ म्हणायला मला कुणी शिकवावं लागलं नाही.

दोनएक वर्षांनी पावसानं सुरुवातीला तोंड दाखवलं आणि महिनाभर दडी मारली. आईचं रोप करपलं. तिनं पुन्हा पेरलं, उशिरा लावलं. एरवी आईचं लाल भात निसवून, लोंब्या बाहेर टाकून दाणा धरायला लागायचं तेव्हा वुदेचं पांढरं अजून पोटरीत असायचं. त्या वर्षी दोन्ही एकाच आठवड्यात निसवली.

मी आणि वुदे पाखरं हाकायला मचाणावर असायचो. ऊन चढायला लागलं की ती मला खाली बोलवायची.

“ये, बघ. तोंड उघडलंय.”

तिळाएवढं फूल, त्यातून पिवळे धागे लोंबलेले. फुंकर मारली की धूळ उडायची.

“दुपारी मिटतं,” ती म्हणाली. “तोवर वारा जे आणेल ते घेतं.”

“काय घेतं?”

“शेजारचं. माझी आई म्हणायची, जवळजवळ लावली आणि एकदम फुलली की भातं एकमेकांचं ऐकतात.”

संध्याकाळी मी हे आईला सांगितलं. ती कांडत होती. मुसळ थांबलं नाही.

“भात काय पारावर बसलेले म्हातारे आहेत, एकमेकांचं ऐकायला? भेसळ होते ती गलिच्छ हातानं. तिला म्हणावं, आधी उखळ धू.”

त्या वर्षी पीक निम्मंच आलं. आईचा एक नियम होता, तिच्या आईकडून आलेला. बियाणं धरायचं ते शेताच्या मधल्या भागातलं, बांधाकडची चार पावलं सोडून. कशाला, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. पण त्या वर्षी मधलं पुरेना, आणि सहा बायकांना तिनं बियाणं देईन म्हणून सांगून ठेवलं होतं. शब्द मोडायचा नव्हता. तिनं पार बांधापर्यंत कापलं आणि सगळं बियाण्यात धरलं. हे मी डोळ्यांनी पाहिलं, पण तेव्हा त्यात काही आहे असं मला वाटलं नाही.

पुढच्या वर्षी भात निसवलं त्या आठवड्यात सुंकारी म्हातारी आमच्या अंगणात आली. आमच्यात काही आडनावांचं एकमेकांशी थट्टेचं नातं असतं. तसं तिचं आणि आईचं होतं. एकीनं दुसरीला काहीही बोलावं, दुसरीनं रागावायचं नाही. रागावली तर गाव हसतं.

“कुठं आहे माझी दासी?” सुंकारी फाटकातूनच ओरडली. “बाहेर ये गं! तुझ्या भातानं माझ्या शेतात काय करून ठेवलंय बघ!”

तिच्या हातात तीन लोंब्या होत्या. लांबलचक, कुसळं नसलेल्या, ना लाल ना पांढऱ्या.

“हे न्यीमाच्या पोटचं म्हणे! बाप कोण ते तरी सांग. बारशाला कोंबडं कुणाकडून मागू?”

अंगणातल्या बायका हसल्या. आईही हसली, हसावंच लागलं. पण तिच्या मानेची शीर उडताना मला दिसत होती. दोन दिवसांत बाकीच्या पाचजणीही सांगून गेल्या. त्या थट्टेच्या नात्यातल्या नव्हत्या. त्या हळू आवाजात सांगून गेल्या, आणि ते जास्त लागलं. एक तर बियाण्याचं माप परत करून गेली. “राहू दे आत्या, यंदा मी दुसरीकडून बघते.”

सुंकारीवर रागावता येत नव्हतं, तेव्हा राग कुठंतरी जायलाच हवा होता.

“माझ्या खळ्यात तुझं भात कुणी टाकलं?” आईनं वुदेला अंगणाच्या मध्ये उभं करून विचारलं.

“मी नाही टाकलं अक्का. दोन्ही भातं एकदम फुलली होती. बांधापाशी.”

“फुलली! मी चाळीस वर्षं भात लावतेय. फुलून कुणाचं भात बिघडलं नाही. तुझं पोट पिकलं नाही म्हणून माझं शेत नासवायला निघालीस?”

बाबा चहाच्या भांड्यापाशी बसले होते. “बायकांच्या शेतातलं बायकांनी बघावं,” असं म्हणून त्यांनी फेसाळ चहा एका पेल्यातून दुसऱ्यात ओतला. वुदेनं त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला ती फुलं आठवत होती. आईनं बांधापर्यंत कापलेलंही आठवत होतं. मी गप्प बसले.

आईनं शिक्षा दिली. वुदेनं सहाही शेतांत जायचं आणि एकेक परकं ताट मुळासकट काढायचं, मालकिणीसमोर.

सहा दिवस लागले. मी टोपली घेऊन मागे असायची. गुडघाभर चिखल, पाण्याला कुजका वास, पिंडऱ्यांना जळवा. वुदे वाकून एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जायची. बांधावरून कुणीतरी म्हणायचं, “तिकडे एक राहिलं बघ, तुझं.” ती मागे फिरायची आणि तेही उपटायची. तिसऱ्या दिवशी तिच्या बोटांच्या पेरांतून रक्त आलं. तिनं त्याला चिखल लावला आणि पुढं सरकली.

पण मी एक पाहिलं. प्रत्येक ताट काढलं की ती लोंबी दोन बोटांत धरून वरून खाली ओढायची. बहुतेक पळंज, आत काहीच नाही. एखादा दाणा भरलेला लागला तर तो फडक्याच्या टोकात जायचा. सहा शेतांतून मूठभर दाणे झाले. शेवटच्या दिवशी आईनं तिचं फडकं सोडायला लावलं.

“हे काय?”

“भरलेले दाणे, अक्का.”

आईनं ती मूठ उलटीपालटी केली आणि तिच्याच हातावर ओतली. “घे. तुझी घाण तुझ्याकडे. शिजवून खा.”

वुदेनं शिजवलं नाही. पुढच्या पावसात तिनं ते स्वतःच्या तुकड्यात, खाडीच्या अगदी कडेला लावलं, जिथं आईचं भात तर सोडाच, गवतही धड येत नव्हतं. वर आलं ते नाना तऱ्हेचं. एक कमरेएवढं, एक गुडघ्याएवढं. एक लाल, एक पांढरं. एक कुसळांचं, एक बोडकं. जातायेता बायका म्हणायच्या, “वुदेनं बाजार भरवलाय गं!” तीही हसायची. कापणीला मात्र ती एकटी, एकेका ताटापाशी बराच वेळ उभी राहायची. बुंधा दाबायची, दाणा दाताखाली फोडायची, हिसका देऊन गळतो का बघायची. शंभरातली पाच धरायची. असं तिनं तीन वर्षं केलं. आई त्या कोपऱ्याकडे बघायचीही नाही.

चौथ्या वर्षी माझं लग्न ठरलं. तेंदाकोतोचं स्थळ होतं, बोटीनं दीड दिवस. सोयरिकीच्या कोलाच्या बिया वाटून झाल्या, कापणीनंतर पाठवायचं ठरलं. आणि त्याच वर्षी पाऊस दीड महिना आधीच आटपला. खाडीतलं गोडं पाणी ओसरलं आणि समुद्राचं आत सरकलं. पुनवेच्या भरतीला मोठा बांध फुटला. दोन दिवस खारं पाणी शेतांत उभं होतं. आई बांधावरून चालत बोट बुडवून जिभेला लावत होती आणि थुंकत होती. आठवड्यात पात्यांची टोकं जळाली, मग सगळी शेतं वाळल्या बोरूसारखी पांढरी पडली. लोंब्या उभ्याच्या उभ्या राहिल्या. भरलेली लोंबी वाकते, यांतल्या एकीलाही वाकता आलं नाही.

वुदेचा कोपरा तेवढा उरला. चार चटयांएवढी जागा. भात ठेंगणं, पात गडद, लोंब्या खाली झुकलेल्या.

आमच्यात मुलगी सासरी जाते ती आईनं स्वतःच्या हातानं कापलेलं बियाणं घेऊन जाते. बाकी काही नसलं तरी चालतं. बियाण्याशिवाय गेली तर सासरच्या बायका शेत देतात, पण नाव ठेवतात, आणि ते मरेपर्यंत सुटत नाही. आणि मी कुणाची मुलगी, तर न्यीमाची! आईनं पाच गावं पालथी घातली. जुनं बियाणं कुणाकडेच नव्हतं, जे होतं ते दुष्काळात लोकांनी खाल्लं होतं. ती रिकामं माप घेऊन परत यायची आणि कुणाशी न बोलता अंबाडीचा पाला खुडत बसायची.

सुंकारीच आली. यावेळी ती ओरडली नाही.

“काय गं दासी, पोरीच्या डोक्यावर मीठ देणार आहेस का?”

कुणी हसलं नाही.

“वुदेकडे जा,” सुंकारी म्हणाली.

“ती घाण?”

“तुझीच आहे. निम्मी तरी.”

आईनं पाला खाली ठेवला. रागावता येत नव्हतं. मला वाटतं, त्या दिवशी तिला रागावायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती सुरी घेऊन वुदेच्या दाराशी उभी राहिली. वुदे घरात आल्यापासून तिच्या दाराशी आई स्वतःहून कधी गेली नव्हती.

“आज कापायला जातेस ना,” आई म्हणाली. “मलाही ने.”

वुदेनं आतून दुसरी टोपली आणली.

आम्ही तिघी कोपऱ्यात उतरलो. चिखलावर मिठाचा पापुद्रा होता, पायांना चरचरत होतं. आईनं पहिली लोंबी कापली.

“अक्का, ती नको,” वुदे म्हणाली.

“का? भरलीय की.”

“भरलीय, पण गळते. हिसका देऊन बघा.”

आईनं हिसका दिला. दाणे चिखलात पडले. आईला शेतात ‘ती नको’ असं कुणी म्हटलेलं मी जन्मात ऐकलं नव्हतं. तिनं लोंबी टाकली. मग कापायच्या आधी ती वुदेकडे बघायला लागली आणि वुदे नुसती मान हलवायची, हो किंवा नाही. बराच वेळ असंच चाललं. एका म्हाताऱ्या बाईला शिकताना पाहून मला कसंसंच होत होतं, आणि बरंही वाटत होतं.

ऊन वर आलं तसा आईचा हात सुटला, तोंडही सुटलं. ती कुठं बदलणार!

“धुरावर टांगतेस ना बियाणं? नुसतं उन्हात वाळवून भागत नाही, कीड धरते.”

“हे नव्हतं ठाऊक, अक्का.”

“आणि मधलं घे. बांधाकडचं कशाला घेतेस? बांधाकडचं बियाण्यात कधी धरू नये, तिथं शेजारचं...”

आई थांबली. सुरी हातात तशीच राहिली. ती बांधाकडे बघत होती, त्या वीतभर बांधाकडे, आणि पलीकडच्या तिच्या जळून गेलेल्या शेताकडे. वुदेही थांबली होती. आईनं बांधापर्यंत कापलेलं ते वर्ष तिला आठवलं, हे मला तिच्या पाठीवरून कळलं.

“तुझी आई काय म्हणायची?” आईनं न वळता विचारलं.

“की एकदम फुलली तर एकमेकांचं ऐकतात.”

“माझी म्हणायची, चार पावलं सोड.” आईनं सुरीचं पातं बोटानं पुसलं. “एवढंच म्हणायची. का ते नाही.”

दोघी पुन्हा वाकल्या. चुकलं असं आई म्हणाली नाही. वुदेनं वाट बघितली की नाही कोण जाणे. दुपारपर्यंत माझ्या टोपलीत एक माप होईल एवढं झालं. एकेक लोंबी वुदेनं निवडलेली, आईनं कापलेली.

निघायच्या दिवशी बायकांनी मला गोल घेरलं. वुदेनं माझ्या डोक्यावर चुंबळ बसवली, आईनं बियाण्यानं भरलेला सुका भोपळा वर ठेवला. रीतीप्रमाणं सगळ्यांनी मिळून विचारलं, “कोणाचं?”

आईनं सगळ्यांकडे पाहिलं. सहाजणी तिथं होत्या, माप परत करून गेलेली तीही होती.

“न्यीमाचं,” आई म्हणाली.

सुंकारी समोरच उभी होती. तिला काहीही बोलायची मुभा होती. ती बोलली नाही, तिनं खाली बघितलं. वुदेचे हात माझ्या चुंबळीवर होते, ते हलले नाहीत. मी बोलले असते तर? मानेवर भोपळा होता, मान वळवता येत नव्हती, असं मी पुढं कित्येक वर्षं स्वतःला सांगत आले. तोंडावर काही नव्हतं.

वुदे बोटीपर्यंत आली. कानाशी लागून म्हणाली, “बी मधलं धर. आईचं ऐक. पण बांधावर परकं काही दिसलं तर लगेच उपटू नकोस. दोन वर्षं बघ.”

तेंदाकोतोलाही खार आत येत होती. दुसऱ्याच वर्षी माझं भात उभं राहिलं आणि बाकीची जळाली. मग बायका माप घेऊन यायला लागल्या. ‘काय लावलंस?’ ‘न्यीमा.’ नदीकाठानं ते नाव चार गावं पुढं गेलं. मला मान मिळाला, चांगला तुकडा मिळाला, सासू मला कधी टाकून बोलली नाही. नाव घेऊन बाई फाटकाबाहेर गेली की दरवेळी खरं नाव माझ्या तोंडाशी यायचं, आणि दरवेळी मी ते गिळायची. अकरा वर्षं गिळलं.

अकराव्या वर्षी निरोप आला की वुदे तापानं गेली. तिच्यामागं कुणी नव्हतं. कापणीनंतर आई माझ्याकडे आली. बोटीतून तिला दोघांनी धरून उतरवलं, इतकी ती वाळली होती. एका हातात कोंबडी होती आणि दुसऱ्या हातात फडक्यात बांधलेली एक सुरी, वुदेची.

तिसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या गावची एक तरुण बाई माप घेऊन आली. आई उखळापाशी चटईवर बसली होती.

“वहिनी, एक माप न्यीमा द्या,” बाई मला म्हणाली.

माझी जाऊ हसली. “अगं, न्यीमाच बसलीय की तुझ्यासमोर!”

बाईनं पटकन गुडघे टेकले. “आई, तुमच्या भातानं आमची पोरं जगवली हो. खाऱ्या पाण्यात एकटं उभं राहिलं. तुमचे हात दाखवा मला.”

आईनं हात मागे घेतले.

“मी न्यीमाच,” ती म्हणाली. “पण माझं भात लाल होतं. ते खाऱ्या पाण्यात मेलं, आता कुठंच नाही. हे वुदेचं आहे.”

“वुदे कोण?”

“माझी सवत. तिनं हे मूठभर दाण्यांतून उभं केलं. मी तिला सहा शेतांतून वाकवून फिरवलं आणि शिजवून खा म्हणून सांगितलं. मग पोरीच्या लग्नात तिच्यासमोर माझं नाव सांगितलं. ती काही बोलली नाही. मरेपर्यंत बोलली नाही.”

बाई गोंधळली. कधी माझ्याकडे, कधी आईकडे बघायला लागली. “मग आई, मी नाव काय घेऊन जाऊ?”

“वुदे. मोठ्यानं घे.”

“वुदे,” बाई म्हणाली.

आईनं माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतून कुणाच्या शेतातलं परकं ताट कधी सुटलं नव्हतं.

“आता तू,” ती म्हणाली. “तुझ्या डोक्यावर तिचे हात होते.”

माझी जाऊ, सासू, सगळ्या बघत होत्या. मी माप भरत होते.

“वुदेचं,” मी म्हणाले. पण आवाज फुटला नाही, म्हणून आईनं मला ते पुन्हा म्हणायला लावलं.